नवमीच्या ताटातला पिझ्झा

सगुणाच्या गळ्यात मंगळसूत्राच्या जोडीला चांदीचा एक टाक होता. नखाएवढा. त्यावर एक बाई कोरलेली. दोन ठिपके डोळ्यांचे, एक कुंकवाचा, आणि डोईवरून घेतलेला पदर. ती नंदा, बद्रीनाथची पहिली बायको. दुसरेपणाची बाई घरात आली की तिनं गेलेलीला असं गळ्यात वागवायचं, नवी साडी आधी टाकाला दाखवायची, सणाचा पहिला घास टाकाला लावायचा, अशी त्या घराची रीत होती. लोक सवत म्हणायचे. सगुणाच्या जिभेवर तो शब्द कधी आला नाही. ती मनातल्या मनात ‘अक्का’ म्हणायची. अक्का, दूध उतू चाललं बघा. अक्का, तुमची लेक आज हसली. माझ्याकडं बघून न्हवं, पण हसली.

लेक म्हणजे तुळजा. दहा वर्षांची, पाचवीत शिकणारी, आईसारखी रुंद कपाळाची. ती सगुणाशी बोलायची नाही असं नाही, पण बोलायची ती आजीच्या मार्फत.

“आजी, यांना सांग, येणी सैल बांधली.”

सगुणा हातभर अंतरावर, फणी हातात घेऊन बसलेली. आजी चतुराबाई तांदूळ निवडता निवडता म्हणायची, “आगं सगुणा, येणी सैल झाली म्हणती.” सगुणा म्हणायची, “बरं आत्याबाई,” आणि वेणी सोडून पुन्हा घालायची. वेणी घालताना पोरीचं डोकं तिच्या गुडघ्याला टेकायचं तेवढंच. तेवढ्यासाठी ती वेणी मुद्दाम जरा सैलच घालत असेल का, हे तिचं तिला माहीत.

अंकुशनगरच्या साखर कारखान्याच्या वसाहतीत त्यांचं दोन खोल्यांचं क्वार्टर. बद्रीनाथ कारखान्याच्या लॅबमध्ये केमिस्ट. वैशाखात लग्न झालं तेव्हा गाळप कधीच संपलेलं होतं, आणि आता सन दोन हजार दोनचा भाद्रपद चालू होता. बॉयलर थंड, चिमणीवर पारवे बसलेले, फक्त दुरुस्तीवाल्यांचे हातोडे दिवसभर टणटण करत. सगुणा मूळची धावड्याची. पहिल्या घरी नऊ वर्षं नांदली, मूल झालं नाही म्हणून त्यांनी एका सकाळी माहेरी आणून सोडली. बद्रीनाथचं स्थळ आलं तेव्हा तिच्या आईनं चाचरत सांगितलं होतं, “एक पोरगी हाय बरं का त्याला.” आईला वाटलं लेक नाक मुरडेल. सगुणा मात्र आत जाऊन धान्याच्या पोत्याशी उभी राहिली आणि दोन्ही हात छातीशी धरून एकटीच हसली. एक पोरगी हाय!

पण ती पोरगी जायच्या वाटेवर होती. नंदाचा भाऊ भुजंग आष्टीला राहायचा. त्याचा निरोप आला होता: “अविधवा नवमीला येतो. लेकरू रमलं नसंल तर संगंच घेऊन जातो, आष्टीच्या शाळंत नाव घालतो.” तुळजाला विचारलं तर ती म्हणाली, “जाते मी मामाकडं.” इतक्या सहज म्हणाली, जसं कुणी म्हणावं की पाणी भरून येते. सगुणा त्या वेळी पोळी लाटत होती. पोळी फाटली.

*

नवमी चार दिवसांवर आली. सवाष्णपणी गेलेल्या बाईची ही तिथी. तिच्या नावानं एका सवाष्णीला जेवू घालायचं, आणि ताटात गेलेलीच्या आवडीचं काहीतरी हवंच. चतुराबाईंनी रात्रीच्या जेवणाला विषय काढला.

“नंदाला पुरणाची पोळी आवडायची.”

“माय, तिला पुरणानं पित्त व्हायचं,” बद्रीनाथ म्हणाला. “तिला शेवेची भाजी आवडायची. झणझणीत.”

“तुला आवडती म्हणून करायची ती.”

“मंग तू सांग काय ते.”

तुळजानं ताटातून मान वर केली. “आईला पिझ्झा आवडायचा.”

बाहेर कुणाच्या तरी रेडिओवर बाजारभाव सांगत होते.

“पिझ्झा?” चतुराबाई म्हणाल्या. “ते काय असतंय?”

“गोल असतंय. आम्ही जालन्याला दवाखान्यातून निघालो की खायचो. मी आन आई.” ती बापाकडं बघून म्हणाली, “पप्पा तव्हा गोळ्यांच्या लायनीत असायचे. त्यांना म्हाईत न्हाई.”

बद्रीनाथनं पाण्याचा तांब्या उचलला आणि उगाच बराच वेळ पीत राहिला. नंदाला जालन्याच्या दवाखान्यात महिन्याच्या महिन्याला न्यावं लागे, सलाइनीतून औषध द्यायला. मार्गशीर्षात ती गेली, त्याला आता दोन वर्षं होत आली. त्या दिवसांबद्दल तो घरात कधी बोलत नसे.

“पिझ्झा तर पिझ्झा,” सगुणा म्हणाली. “करू की.”

तुळजा आजीला म्हणाली, “आजी, यांना सांग, यांना येत न्हाई.”

“न्हाई येत,” सगुणा थेट तिलाच म्हणाली, “पर शिकते ना.”

*

दुसऱ्या दिवशी बद्रीनाथ अंबडला गेला आणि लुनाच्या पिशवीत वर्तमानपत्रात गुंडाळलेलं एक खोकं घेऊन आला. आइस्क्रीमच्या दुकानात, कुल्फ्यांच्या खाली, फ्रीजरच्या तळाशी सापडलं होतं. उन्हातनं येता येता वर्तमानपत्र ओलं झालं होतं आणि बातम्यांची शाई खोक्यावर उतरली होती. आत थाळीएवढा, दगडासारखा कडक पिझ्झा. वर पांढरा बर्फ धरलेला.

चतुराबाईंनी बोटानं टोचून पाहिलं. “हे काय मेलेलं हाय का?”

“गोठवलेलं हाय, माय. गरम केलं की झालं.”

“कव्हाचं हाय? तुळजे, वाच बरं तारीख.”

तुळजानं वाचलं. “जुलै.”

“जुलै म्हंजी?”

“म्हंजी आषाढ, आत्याबाई,” सगुणा हळूच म्हणाली, आणि आपण काय बोललो ते तिचं तिलाच कळलं.

चतुराबाईंनी कमरेवर हात ठेवले. “आषाढात केलेलं भादव्यात वाढायचं? पितरांच्या ताटात? आरं, जित्ती होती तव्हा तिला मी सकाळची भाकर संध्याकाळी दिली न्हाई, आन आता दोन महिन्याचं शिळं देऊ? बिलकुल न्हाई!”

“फ्रीजातलं शिळं होत न्हाई, माय.”

“तुझ्या लॅबमधलं ग्यान तुझ्या साखरंला सांग.”

तरी करून बघू म्हणून सगुणानं तो तव्यावर टाकला. खालून करपला आणि वरून बर्फाचा थेंब गळत राहिला. घरभर धूर. तुळजानं दारातून मान आत घातली, तव्याकडं बघितलं.

“आजी, यांना सांग, आईचा असा नव्हता.”

दुपारी सगुणा भांडी घासून आली तर चतुराबाई स्वयंपाकघरात पाठमोऱ्या उभ्या. करपलेल्या पिझ्झ्यावरचं चीज त्या चमच्यानं खरवडत होत्या. सुनेची चाहूल लागताच चमचा पदराआड गेला.

“शिळंच हाय,” त्या गंभीरपणे म्हणाल्या. “पर खारटाला बरं हाय.”

त्या संध्याकाळी सगुणा अंगणात तुळजासमोर उकिडवी बसली. आजी देवाला दिवा लावायला गेलेली, मध्ये कुणी नव्हतं.

“कसा होता तो? मला दाव.”

तुळजा चपलेच्या अंगठ्यानं मातीत गोल काढत राहिली. मग त्या गोलालाच सांगितल्यासारखं म्हणाली, “इथं दावता येत न्हाई. जालन्याला हाय तो.”

“मंग जालन्याला जाऊ.”

*

अष्टमीला रविवार होता. सकाळच्या एसटीत तुळजानं खिडकी धरली आणि आपलं दप्तर दोघींच्या मधे ठेवलं. पुस्तकं आत नव्हती, नुसतं कापडी दप्तर, पण बांध घातल्यासारखं ते मधे बसलं. दोन्ही बाजूंनी ऊस उभा होता, पुरुषभर उंच, वाऱ्यानं पानाला पान घासत. सगुणाच्या मनात सासूबाईंची ओवी घोळत होती. सकाळी डाळ निवडताना त्या स्वतःशीच म्हणत होत्या:

नवमीचं ताट वाढू, वाढू केळीच्या पानात
सून गेली दूर देशी, तिचा घास माझ्या मनात

चतुराबाईंना ओवी सुचायची ती अशी, हातात काम असलं की. आणि दुसरी सून शेजारीच बसलीय हे त्यांच्या ध्यानातही नसायचं. सगुणाला त्याचं वाईट वाटलं नाही. तिला वाटलं, मेल्यावर सासूनं ओवी म्हणावी अशी सून होती तर! अक्का, तुम्ही पुण्यवान.

जालन्यात दवाखान्याच्या समोरच्या गल्लीत ‘शीतल स्नॅक्स’ होतं. चार टेबलं, भिंतीवर धबधब्याचं चित्र. तुळजा आत शिरली ती थेट पंख्याखालच्या टेबलाकडं, आणि दाराकडं तोंड करून बसली. सगुणा समोरच्या खुर्चीवर बसू लागली तशी पोरीच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. सगुणा थांबली आणि बाजूच्या खुर्चीवर बसली. समोरची रिकामी राहिली.

आता पंचाईत अशी की आजी इथं नव्हती. तुळजानं इकडंतिकडं बघितलं आणि गल्ल्यावरच्या मालकालाच म्हणाली, “काका, यांना सांगा, एकच घ्यायचा असतो. दोन न्हाई.”

मालक जाड भिंगाचा, पोट सुटलेला गृहस्थ. तो गोंधळला. “ताई, ही म्हणती एकच घ्या.”

“एकच द्या,” सगुणा म्हणाली.

पिझ्झा आला. जाड पाव, वर गोडसर लाल चटणी, शिमला मिरचीच्या चकत्या, किसलेलं चीज अर्धं वितळलेलं अर्धं तसंच, आणि सगळ्यावर बारीक शेव भुरभुरलेली. सुरीनं सहा तुकडे पाडलेले. तुळजानं डोळे मिटून वास घेतला. मग खायला लागली. टोकाकडून खात यायची, लाल-पिवळं सगळं संपवायची, आणि कडेचा कोरडा काठ उरला की तो ताटलीच्या बाजूला ठेवायची. एक काठ, दोन काठ. एकाशेजारी एक, द्वितीयेच्या चंद्रकोरी मांडाव्या तशा. तीन तुकडे तिनं न बोलता सगुणाकडं सरकवले. सगुणानं एक खाल्ला. आंबट-गोड लागला, बरा लागला. खाता खाता तिनं काठही तोंडात घालायला उचलला.

पोरीचा हात झपकन तिच्या मनगटावर आला.

“तो आईचा हाय.”

आजीला नाही, मालकाला नाही. सरळ तिला. पाच महिन्यांत पहिल्यांदा. सगुणानं काठ खाली ठेवला, फार जपून, जसं भरलेलं निरांजन ठेवावं.

“आईला काठ आवडायचा?”

“फक्त काठ. मधलं सगळं मला द्यायची.” तुळजाला बोलायचं होतं, आता ते सांडायला लागलं. “ती इथं समोर बसायची. म्हणायची, तू मधलं संपव जल्दी, मला काठ पाह्यजे. मंग रुमालात बांधून घ्यायची. म्हणायची, घरी गेल्यावर चहात बुडवून खाते. चहात लई चांगला लागतो म्हणायची.”

“तू बघितलंस का कव्हा, चहात खाताना?”

“न्हाई. मी बसमधीच झोपायची ना.” ती काठांकडं बघत राहिली. “उद्या ताटात काठच वाढायचे. मधलं न्हाई.”

“बराबर हाय,” सगुणा म्हणाली. “काठच वाढू.”

मग ती उठून मालकाकडं गेली. पितरांचं ताट आहे, बेकरीचा पाव चालायचा नाही, घरी कसा करू, असं विचारलं. मालकानं चष्मा कपाळावर चढवला. “पितरांना पिझ्झा? आमच्या धंद्यात हे पहिल्यांदाच ऐकलं, ताई.” पण तो हसला नाही. तिला आत भट्टीपाशी नेऊन सांगितलं: मैदा दह्यात आणि चिमूटभर सोड्यात मळायचा, फडक्याखाली ठेवायचा, तव्यावर दोन्हीकडून अर्धा भाजून घ्यायचा. कांदा नको, लसूण नको, टोमॅटो गुळात आटवा. “पण वरचं चीज तव्यावर वितळायचं न्हाई बरं का. त्याला वरून आच पाह्यजे.”

परतीच्या बसमध्ये तुळजा खिडकीशी झोपली. दप्तर तसंच मधे होतं. झोपेत तिचं डोकं घसरलं आणि त्या दप्तरावर येऊन टेकलं. सगुणानं आपला हात दप्तराच्या खाली घातला, उशीसारखा, आणि अंबड येईपर्यंत हलवला नाही.

*

संध्याकाळी नळ आला. बद्रीनाथ हंडा भरायला बाहेर आला तशी सगुणाही घागर घेऊन गेली.

“मी सांगू का, अक्काला काय आवडायचं ते? काठ. पिझ्झ्याचा काठ. चहात बुडवून.”

बद्रीनाथ हंडा लावून उभा होता. पाणी भरून वाहायला लागलं तरी त्यानं नळ बंद केला नाही.

“चहात?” तो म्हणाला. “सगुणा, तिच्या घशाखाली साधं पाणी उतरत न्हव्हतं. तोंडात सगळे फोड. त्या औषधानं वासच सहन व्हायचा न्हाई, तरी त्या हाटेलात जाऊन बसायची. लेकरासाठी.”

“मंग रुमालातले काठ?”

त्यानं नळ बंद केला. इकडंतिकडं बघितलं. वजनकाट्यावरच्या क्लार्कची बायको सोनूबाई पलीकडं कपडे काढत होती. आवाज खाली आणून तो म्हणाला, “मी खायचो. अंबडच्या स्टँडवर उतरलो की लेकरू खांद्यावर झोपलेलं असायचं. ती रुमाल सोडायची, म्हणायची, खावा हो तुम्ही, सकाळपासनं उपाशी हायेत. थंडगार, चामड्यासारखे. मी चावत बसायचो आन ती बघायची.” तो कसंनुसं हसला. “मला लई राग यायचा त्या काठांचा. आन खाल्ल्याबिगर तिचा जीव राहायचा न्हाई.”

बद्रीनाथनं हंडा नळाखालून काढला. हंडा डबडबलेला.

“त्या दिवशी पोरगी पिझ्झा म्हणाली तव्हाच मी सांगायला पाह्यजे व्हतं का?”

“काय सांगणार होता तुम्ही? तुझ्या आईला पिझ्झा बिलकुल आवडत न्हव्हता, असं?” सगुणानं घागर कमरेवर घेतली. “तिच्याजवळ आईची ही एकच गोष्ट अशी हाय, जी तुमाला म्हाईत न्हाई, आत्याबाईला म्हाईत न्हाई, असं तिला वाटतंय. ती राहू द्या तिच्याजवळ.”

“पर ताटात गेलेलीच्या आवडीचं लागतंय.”

सगुणा वळली. घागरीचं पाणी साडीवर सांडत ती घरात गेली. अक्का, तुम्हीच सांगा, काय आवडायचं तुम्हाला?

*

नवमीला पहाटे चुलीवर पुरण चढलं. शेवेची भाजी झाली, वड्या झाल्या, कढी झाली. सगुणानं मैदा मळून पाव तव्यावर अर्धा भाजला, वर टोमॅटो पसरला, मिरची मांडली, चीज किसलं. आता वरून आच हवी.

“लॅबमधी ओव्हन हाय,” बद्रीनाथ म्हणाला. सगुणाला वाटलं, चेष्टा करतायत. पण तो खरंच परात पुसून उभा. साखरेचा आणि उसाच्या चिपाडाचा ओलावा काढायचा तो ओव्हन; सीजन बंद म्हणून सहा महिने रिकामा पडलेला. परातीखाली पिझ्झा झाकून तो लुनावरून गेला. लॅबमधला मदतनीस साहेबराव टेबल पुसत होता. त्यानं परात उचलून बघितलं आणि अगदी सरळ तोंडानं विचारलं, “साहेब, सँपल कोणत्या शेतकऱ्याचं? ओलावा वहीत लिहायचा का?”

तास लागला, कारण त्या ओव्हनची आच साखरेला सोसेल एवढीच. पण चीज वितळलं. बद्रीनाथ परात घेऊन दारात आला तेव्हा भुजंग येऊन बाजेवर बसला होता.

भुजंग उंचापुरा, शेतावरच्या उन्हानं रापलेला. बहिणीच्या फोटोला हार घालून आला आणि तेव्हापासून गप्प होता. तुळजा त्याच्या मांडीला टेकून उभी. तिची कापडी पिशवी भरलेली, खुंटीला लावलेली, सगुणाला स्वयंपाकघरातून दिसत होती. पोरीनं ती सकाळीच भरली होती.

तेवढ्यात सोनूबाईचा निरोप आला. सवाष्ण म्हणून तिला सांगितलेलं होतं, पण तिला अडचण आली, बसता येणार नाही. पानं मांडलेली, कावळ्याची वेळ झालेली. चतुराबाईंनी क्षणभर विचार केला.

“सगुणा, तूच बस. तू सवाष्णच हायेस की. आन नंदा तुझ्याच गळ्यात हाय.”

सगुणा हात पुसून पाटावर बसली. समोर केळीचं पान. चतुराबाईंनी पुरणपोळी वाढली, तूप सोडलं. मग तुळजा ताटली घेऊन आली. पिझ्झ्याचे काठ तिनं आपल्या हातानं सुरीनं वेगळे काढले होते. गुडघ्यांवर बसून तिनं ते एकेक पानावर मांडले. मधलं सगळं ताटलीतच राहिलं.

भुजंगनं ते बघितलं. तो बाजेवरून उठला.

“हे काय चाललंय?” आवाज दबका होता, पण थरथरत होता. “माझ्या बहिणीच्या पानावर कुटके वाढायलेत? मधलं चांगलं घरच्यांला, आन काठ मेलेलीला? दुसरी आली म्हणून असं?”

“भुजंगराव,” बद्रीनाथ म्हणाला आणि थांबला. त्याला सगळं सांगता आलं असतं. त्यानं सगुणाकडं बघितलं. सगुणानं किंचित मान हलवली: नको.

तुळजाचा चेहरा उतरला होता. ती काठांकडं बघत होती, आणि त्या बघण्यात कालचा भरवसा नव्हता. मामा बरोबर म्हणतोय का? कुणाला आवडतील हे?

“भाऊ,” सगुणा म्हणाली, “मीच वाढाय सांगितले. अक्काला काठच आवडायचे.”

“तुम्ही पाह्यलं होतं का तिला कव्हा? तुम्हाला काय म्हाईत?” तो तुळजाकडं वळला. “चल पोरी. पिशवी घे. जेवण-बिवण राहू दे.”

“मामा,” तुळजा म्हणाली. “मी वाढले. यांनी न्हाई. या खोटं बोलून राह्यल्या.”

भुजंग थबकला.

सगुणानं पानावरचा एक काठ उचलला, गळ्यातल्या टाकाला लावला आणि मग पोरीला विचारलं, “तुझी आई काठ कव्हा घ्यायची? आधी का नंतर?”

“नंतर. माझं झाल्यावर.”

“मंग मी आधी कशी घेऊ? तू खा की मधलं. बस इथं, माझ्यासमोर.”

तुळजानं आजीकडं बघितलं. सवाष्णीच्या आधी घरातलं कुणी घास घेत नाही, ही रीत तिला ठाऊक होती. चतुराबाईंचे डोळे भरून आले होते. त्यांनी पदराचं टोक नाकाला लावलं आणि नुसता हात हलवला: खा.

तुळजा पानासमोर मांडी घालून बसली. ताटली मांडीवर घेतली. सुरुवातीला भुजंगकडं बघत, भीत भीत, आणि मग भूकच लागलेली होती, पहाटेपासून पोटात काही नव्हतं, तर मग भराभर. चीज लांबलं, तिनं ते बोटाला गुंडाळून तोंडात घातलं. हनुवटीला लाल लागलं. सगुणा बघत होती. पोरीच्या गालाची ती हालचाल, घास गिळताना मिटणारे डोळे, कपाळावरची ती एक बट. बघता बघता तिला आतून भरल्यासारखं वाटायला लागलं, जसं न जेवता जेवण व्हावं. ज्या बाईच्या घशाखाली पाणी उतरत नव्हतं ती महिन्याच्या महिन्याला त्या पंख्याखाली काय जेवून यायची ते तिला कळलं. ताटात गेलेलीच्या आवडीचं होतं. पुरेपूर होतं.

“झालं,” तुळजा म्हणाली.

मग सगुणानं काठ खाल्ले. एकेक करून, सगळे. दह्यातल्या मैद्याचे, साखरेच्या ओव्हनमध्ये वाळलेले, दाताला चिवट. तुळजा एकटक बघत होती.

“कसे हायेत?”

“कडक हायेत,” सगुणा म्हणाली. “पर तू वाढलेस ना.”

बद्रीनाथ कावळ्याचं पान घेऊन बाहेर गेला आणि पान ठेवून झालं तरी बराच वेळ भिंतीकडं तोंड करून उभा राहिला.

*

दुपारी भुजंग पोटभर जेवला. दोन पुरणपोळ्या जास्तीच्या घेतल्या. पानावर सगुणा तूप वाढत होती तेव्हा तो खाली मान घालून म्हणाला, “माझं चुकलं.”

“बहिणीसाठी बोलला तुम्ही. चुकलं कशानं?”

निघायची वेळ झाली. त्यानं खुंटीकडं बघितलं, मग तुळजाकडं. काही विचारलं नाही. तुळजानं स्वतःच जाऊन पिशवी काढली, आतले कपडे बाजेवर ओतले आणि रिकामी पिशवी सगुणाच्या हातात दिली.

“मामाला पोळ्या बांधून द्यायच्यात ना? यात घाला.”

सगुणानं पोळ्या घातल्या. गाठ दोनदा सुटली. भुजंगनं पिशवी घेतली, चप्पल घातली, अंगणात जाऊन पुन्हा वळला.

“आमच्यात अशी रीत हाय, ताई,” तो सगुणाला म्हणाला. तिला पहिल्यांदाच ताई म्हणाला. “बहिणीच्या जागी आलेली ती बहीणच. हे मला वैशाखातच म्हणायला यायला पाह्यजे व्हतं. दिवाळीला न्यायला येतो. दोघींना. माझी माय वाट बघंल.”

नऊ वर्षांच्या संसारानंतर एका सकाळी सगुणा ज्या माहेराला ओझं झाली होती ते एक, आणि आज अवचित हे दुसरं माहेर दारात येऊन उभं होतं. तिनं फक्त पदर नीट केला.

“मामा,” तुळजा फाटकापर्यंत धावत गेली. “आष्टीत पिझ्झा मिळतो का?”

“आष्टीत? आगं, आष्टीत बाजाराच्या दिवशी भजे मिळतात. मिळाले तर.”

“मंग आम्ही करून आणू,” तुळजा म्हणाली, आणि मागं न बघता तिनं हात मागं लांबवला. सगुणा पायऱ्या उतरून पुढं गेली आणि तो हात धरला.